बातमीतला लांडगा आणि त्याची संगत

१९५० च्या आसपासचं अमेरिकेतलं कुठलंही मोठं दैनिक उघडा. ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा, हा शब्द युद्धाच्या आठवणींत भेटेल, खेळाच्या पानावर भेटेल, गुन्हेवृत्तात भेटेल. ज्या प्राण्याचं हे नाव, तो मात्र तोवर त्या देशातून जवळजवळ संपला होता. अलास्का बाजूला ठेवलं तर मिनेसोटाचं उत्तर टोक आणि लेक सुपिरियरमधलं आइल रॉयल बेट, मुख्यतः एवढ्याच भागांत लांडगे उरले होते. पेपर वाचणाऱ्या बहुतेकांनी मोकळा लांडगा कधी पाहिलेलाच नव्हता. तरी शब्द जोरात चालला होता. तो कुणाकुणाला लावला जात होता आणि लावल्यावर काय होत होतं, हे शोधण्याची एक पद्धत आहे. ती पद्धत आणि तिच्यातून दिसणारी गोष्ट, दोन्ही मला इथे सांगायच्या आहेत.

आधी मोजणीबद्दल. ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि डब्ल्यू. नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६० च्या दशकात एक मोठं काम हाती घेतलं. १९६१ साली अमेरिकेत छापून आलेल्या इंग्रजी मजकुरातून त्यांनी ५०० नमुने उचलले, प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे. सगळे मिळून दहा लाखांच्या वर शब्द संगणकावर चढवले. त्यातले ८८ नमुने वृत्तपत्री लेखनाचे होते : ४४ बातम्यांचे, २७ अग्रलेख आणि तशा मजकुराचे, १७ परीक्षणांचे. अशा संग्रहाला ‘कॉर्पस’ म्हणतात. कुठला शब्द किती वेळा येतो, कुणाशेजारी येतो, हे तिथे अंदाजाने सांगावं लागत नाही. शोधलं की समोर येतं.

पण त्यात एक अडचण लगेच जाणवते. कुठल्याही भाषेत थोडेसेच शब्द सतत येतात आणि बाकीचे क्वचित. ब्राउन संग्रहात ‘द’ हा एकटा शब्द जवळजवळ ७ टक्के जागा खातो. सर्वांत जास्त येणारे १३५ शब्द घेतले की निम्मा मजकूर भरतो. ‘लांडगा’ या यादीत कुठेतरी खाली असणार हे उघड आहे. ८८ वृत्तपत्री नमुने म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास शब्द. एवढ्यात असा शब्द आला तर बोटांवर मोजण्याइतकाच येणार, आणि तेवढ्यावरून काही ठाम म्हणणं धोक्याचं आहे. म्हणून अशा शब्दांसाठी जुन्या दैनिकांच्या स्कॅन केलेल्या संग्रहांकडे वळावं लागतं. तिथे मजकूर अफाट असतो, पण नीट निवडलेला नसतो.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. ब्राउनच्याच साच्यावर भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात उभा राहिला. त्यात १९७८ सालचा मजकूर आहे. भाषेचे अभ्यासक जगभर त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणतात. आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुख्य हत्यार. शोधलेला शब्द प्रत्येक ओळीच्या मधोमध ठेवायचा, डावीकडे आधीचे पाच-सहा शब्द, उजवीकडे नंतरचे पाच-सहा. अशा ओळी एकाखाली एक लावल्या की त्याला ‘कॉन्कॉर्डन्स’ म्हणतात. कल्पना यावी म्हणून त्या काळच्या धाटणीच्या चार ओळी मी स्वतः रचून देतो :

… अटलांटिकमध्ये रात्री *लांडग्यांच्या* टोळीने ताफा गाठला …
… बँका एकट्याने लुटणारा हा *लांडगा* अखेर पोलिसांच्या …
… समितीपुढे श्री. *वुल्फ* यांनी साक्ष दिली …
… दारातला *लांडगा* परतवायला तिने शिवणकाम सुरू केलं …

पहिल्या ओळीत पाणबुड्या आहेत, दुसरीत चोर, तिसरीत नुसतं आडनाव. चौथीतला लांडगा म्हणजे उपासमार; इंग्रजीत ती दारात येऊन उभी राहते. चार ओळींत लांडगा आला, पण त्यात प्राणी एकही नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. माणसाबद्दल आपण हेच म्हणतो, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

पहिली चाळणी नावांची. इंग्रजीत विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, पण पूर्ण मथळा मोठ्या अक्षरांत असेल तर ती खूणही पुसली जाते. डिसेंबर १९५४ ते जानेवारी १९५५ या काळातली अमेरिकी दैनिकं शोधायला बसलात, तर ‘वुल्फ’ भराभर सापडायला लागतो, आणि बऱ्याच वेळा तो निघतो वुल्फ लाडेजिन्स्की. युक्रेनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला, १९२० च्या दशकात अमेरिकेत आलेला हा शेतीचा अर्थतज्ज्ञ. युद्धानंतर जपानमध्ये कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक करणाऱ्या सुधारणेत त्याचा मोठा वाटा होता. कम्युनिस्टांचं आकर्षण शेतकऱ्यांत कमी करायचं तर त्यांना जमीन द्या, असं त्याचं सांगणं. आणि त्यालाच ‘सुरक्षेला धोका’ ठरवून कृषिमंत्री एझ्रा टाफ्ट बेन्सन यांच्या खात्याने टोकियोतल्या जागेवर ठेवायला नकार दिला. परराष्ट्र खात्याने मात्र त्याला निर्दोष म्हटलं होतं. दोन खात्यांची ही तफावत पहिल्या पानांवर गाजली. काही आठवड्यांतच सरकारच्या दुसऱ्या विभागाने त्याला दक्षिण व्हिएतनाममधल्या जमीनसुधारणेसाठी घेतलं.

हा माणूस पुढे भारतात आला, बरीच वर्षं राहिला. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ त्याने गावोगाव फिरून पाहिला आणि मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त १९७३ मध्ये त्यावर लिहिलं. दुष्काळी कामांचा इतिहास चाळणाऱ्याला ते नाव भेटतंच. लांडग्याचा अभ्यास करताना अशी नावं चाळणीखाली गळून जातात. ती टाकून देण्याआधी क्षणभर थांबून पाहावीत, असं मला वाटतं.

नावांतलाच दुसरा प्रकार खेळाच्या पानावरचा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट कॉलेजच्या संघाला ‘वुल्फपॅक’, म्हणजे लांडग्यांची टोळी, म्हणत. १९४६ मध्ये कॉलेजचे प्रमुख जे. डब्ल्यू. हॅरेल्सन यांनी हे नाव बदलावं म्हणून आग्रह धरला. जर्मन पाणबुड्यांच्या टोळ्यांना हेच नाव होतं, आणि नुकत्याच संपलेल्या युद्धात त्यांनी किती खलाशी बुडवले हे कुणी विसरलं नव्हतं. नाव बदललं गेलं नाही, आजही तेच आहे. पण एका शब्दावर युद्धाचा डाग किती ताजा होता, हे या भांडणातून कळतं.

त्या पाणबुड्यांची गोष्ट अशी. जर्मन नौदलाच्या यू-बोटींचा प्रमुख कार्ल डोनिट्झ. त्याचा डाव असा की यू-बोटी जहाजांच्या वाटेवर आडव्या पसरून ठेवायच्या. एकीला ताफा दिसला की तिने हल्ला करायचा नाही. मागे मागे राहायचं आणि रेडिओवरून मुख्यालयाला ठावठिकाणा कळवत राहायचं. बाकीच्या जमल्या की रात्री पाण्याच्या पृष्ठभागावरून सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ या ताफ्यातली ३५ पैकी २० जहाजं अशीच बुडाली. इंग्रजी पत्रकारांना ‘लांडग्यांची टोळी’ हे शब्द नेमके सापडले, कारण त्यामागे कोकरू, मेंढपाळ, राखण हे सगळं चित्र आयतं उभं राहतं. व्यापारी जहाजं बिचारी, संरक्षक युद्धनौका राखणदार.

मग १९४३ मध्ये अमेरिकेच्या स्वतःच्या पाणबुड्या पॅसिफिकमध्ये जपानी जहाजांवर गटाने जाऊ लागल्या. त्या गटांनाही ‘लांडग्यांच्या टोळ्या’च म्हटलं गेलं. पुढचंही चित्र तसंच होतं : समोर व्यापारी जहाजं, बुडणारे खलाशी. फक्त या वेळी लांडगा आपला होता, म्हणून शब्दात शौर्य आलं. कॉन्कॉर्डन्स वाचताना नजर ठेवायची ती अशा वेळी शेजारच्या क्रियापदांवर. टोळी ‘दबा धरून बसते’ की ‘मोहिमेवर निघते’, यावरून लिहिणारा कुठल्या किनाऱ्यावर उभा आहे ते कळतं.

जर्मनीच्या बाजूलाही हा शब्द प्रिय होता. हिटलरने स्वतः ‘वोल्फ’ हे टोपणनाव वापरलं. २० जुलै १९४४ ला त्याला मारण्यासाठी जिथे बॉम्ब ठेवला गेला, त्या पूर्व प्रशियातल्या मुख्यालयाचं नाव ‘वोल्फशान्झे’, लांडग्याचा तळ. म्हणजे त्या वर्षांतल्या बातम्यांत लांडगा कधी शत्रूला चिकटवलेला शब्द आहे, तर कधी शत्रूने स्वतःच मिरवलेला. दोन्ही एकाच ढिगात मोजले तर आकडा येईल, कळणार काहीच नाही.

गुन्हेवृत्तातल्या लांडग्याचं मूळ मात्र जुनं आहे, आणि मला ते फार बोलकं वाटतं. साउथ डकोटात कस्टर गावाच्या परिसरात एक लांडगा वर्षानुवर्षं गुरं मारत होता. त्याच्यावर ५०० डॉलरचं इनाम होतं. ऑक्टोबर १९२० मध्ये सरकारी शिकाऱ्याने त्याला मारलं. त्यानंतर अमेरिकेच्या कृषिखात्याने वृत्तपत्रांसाठी जे पत्रक काढलं, त्यात तो लांडगा चक्क प्राणिजगातला अट्टल गुन्हेगार होता. २५,००० डॉलरचं पशुधन मारल्याचा हिशेब त्याच्या नावावर मांडला होता. सरकारची लांडगे संपवण्याची मोहीम जोरात होती, आणि मोहिमेला खलनायक लागतो.

लांडग्याला आधी गुन्हेगार केलं, आणि लांडगे संपत आल्यावर गुन्हेगाराला लांडगा म्हणणं तेवढं मागे उरलं. ‘लोन वुल्फ’, एकांडा लांडगा, हा शब्दप्रयोग शतकाच्या मध्यावर एकट्याने चोऱ्या करणाऱ्याला, पक्षाचा आदेश न जुमानणाऱ्या सिनेटरला, कुणाशी न जमणाऱ्या व्यापाऱ्यालाही सहज लागत होता. आज मराठी बातम्यांतही ‘लोन वुल्फ हल्ला’ येतोच.

खऱ्या एकट्या लांडग्याचं चरित्र यापेक्षा खूप साधं आहे. आइल रॉयल बेटावर लांडगे १९४० च्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत पोहोचले. १९५८ पासून पर्ड्यू विद्यापीठाचे ड्युअर्ड ॲलन यांनी तिथे त्यांचा आणि मूस हरणांचा अभ्यास सुरू केला. त्यांचा विद्यार्थी डेव्हिड मेक पुढे या प्राण्याचा जगातला एक मोठा जाणकार झाला. त्याच्यासारख्यांच्या कामातून स्पष्ट झालं की रानातली लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब : आई, बाप आणि त्यांची पिल्लं. एकटा दिसणारा लांडगा हा सहसा घर सोडून जोडीदार आणि जागा शोधायला निघालेला तरुण नर किंवा मादी असतो. हे शास्त्र बातम्यांपर्यंत उशिरा पोहोचलं. मिनेसोटात लांडगा मारण्यावरचं सरकारी इनाम १९६५ पर्यंत चालू होतं आणि दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, तिथला लांडगा संघराज्याच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आला.

भारतातूनही एक लांडगा त्या काळी जगभरच्या पेपरांत गेला. १९५४ मध्ये लखनौच्या रेल्वे स्टेशनवर सापडलेला एक मुलगा तिथल्या बलरामपूर रुग्णालयात दाखल झाला. नीट चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. त्याचं नाव रामू पडलं आणि बातम्यांनी त्याला ‘वुल्फ बॉय’ केलं. लांडग्यांत वाढल्याचं सांगितल्या गेलेल्या मिदनापूरच्या कमला आणि अमला या मुलींची १९२० ची कहाणी आधीच प्रसिद्ध होती, त्यामुळे साचा तयार होता. रामू बरीच वर्षं त्या रुग्णालयातच राहिला आणि १९६८ मध्ये गेला. लांडग्यांनी त्याला वाढवल्याचा पुरावा कधी मिळाला नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी आग्र्याच्या अशाच एका मुलाची बातमी प्रत्यक्ष जाऊन तपासली. १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की लांडग्यांशी जोडणारा धागा कुठेच सापडत नाही. टाकलेलं, आजारी किंवा अपंग मूल आणि त्याला गरज होती ती उपचारांची. ‘लांडगा’ म्हटलं की मग त्याला कुणी टाकलं, का टाकलं, हा प्रश्न विचारायचं राहून जातं.

आता सगळ्यात अवघड नोंद.

१९४० च्या दशकात अमेरिकी बोलीत ‘वुल्फ’ म्हणजे बायकांच्या मागे लागणारा पुरुष. सैनिकी छावण्यांच्या पेपरांत १९४२ पासून एक व्यंगचित्रमालिका येत असे, तिचा नायक सैनिकी गणवेशातला आणि डोकं लांडग्याचं. रस्त्याने जाणाऱ्या मुलीकडे पाहून मारलेल्या दोन सुरांच्या शिटीला ‘वुल्फ व्हिसल’ म्हणत. गोरे तरुण सैनिक हे करत, आणि पेपरांत ते थट्टेचा, कौतुकाचा विषय होत असे. आपल्याकडे याला छेडछाड म्हणतात. त्या काळच्या अमेरिकी वृत्तपत्रांत तो खोडकरपणा होता.

ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल हा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा शिकागोहून मिसिसिपीत, मनी नावाच्या छोट्या गावाजवळ आजीच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, मोझ राइट यांच्याकडे, सुट्टीला आला. २४ ऑगस्टला तो इतर मुलांबरोबर ब्रायंट यांच्या किराणा दुकानात गेला. दुकानातून बाहेर आल्यावर तिथल्या गोऱ्या बाईकडे पाहून त्याने शीळ घातली, असं सांगितलं गेलं. त्याच्या आईचं, मॅमी टिल यांचं, म्हणणं होतं की तो तोतरा होता आणि शब्द अडला की शीळ घालून तो सोडवायचा, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. २८ ऑगस्टच्या पहाटे बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला राइट यांच्या घरातून उचलून नेलं. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचं प्रेत सापडलं. गळ्यात सरकी काढण्याच्या यंत्राचा जड लोखंडी पंखा काटेरी तारेने बांधला होता.

आईने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. हजारो लोकांनी ते विद्रूप केलेलं तोंड पाहिलं, ‘जेट’ साप्ताहिकाने त्याचा फोटो छापला. सप्टेंबरमध्ये समनर गावात खटला उभा राहिला तेव्हा देशभरचे बातमीदार तिथे जमले, आणि अनेक दैनिकांत या प्रकरणाला एक नाव पडलं : ‘वुल्फ-व्हिसल खून’.

हे नाव जरा जवळून पाहू. खुनाच्या बातमीला नाव पडतं ते सहसा जागेवरून, मेलेल्याच्या किंवा मारणाऱ्याच्या नावावरून. इथे खुनाआधी काय येतं? मेलेल्या मुलाने केलेली मानली गेलेली कृती. मारणारे दोघे नावात नाहीत. मुलाचं वय नाही, मुलगाही नाही. त्याच्या जागी शीळ आहे, आणि शिळेच्या आधी लांडगा. मथळा वाचणाऱ्याला घटना कळण्याआधी कारण कळतं, आणि कारण म्हणून दिलेली गोष्ट एका पोराला शिकारी जनावर करून टाकते. उपसंपादकाने हे मुद्दाम केलं असेलच असं मी म्हणणार नाही. रकान्यात बसणारे दोन छोटे, चटपटीत शब्द त्याला सापडले, आणि ते आधीच सगळ्यांच्या तोंडी होते. मला चीड येते ती याचीच, की हे इतक्या सहज झालं. गणवेशातल्या गोऱ्या तरुणाबरोबर आलेला लांडगा व्यंगचित्रात हसवतो. तोच शब्द कृष्णवर्णीय मुलाशेजारी येतो, तेव्हा मिसिसिपीत शंभर वर्षं चालत आलेली भीती जागी करतो : काळा पुरुष म्हणजे गोऱ्या बाईवरचं संकट.

न्यायालयात मोझ राइट उठून उभे राहिले आणि त्यांनी आरोपींकडे बोट दाखवलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीय माणसाने हे करणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने २३ सप्टेंबरला तासाभराहून थोड्या जास्त वेळात दोघांना निर्दोष सोडलं. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ नियतकालिकात दोघांनी पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटल्यामुळे त्याच गुन्ह्यासाठी त्यांच्यावर पुन्हा खटला चालणार नव्हता.

त्या काळची दैनिकं शोधताना म्हणून ‘वुल्फ’ एवढाच शब्द टाकून थांबू नये. त्याच घटनेला दुसऱ्या कुणी दुसरं काय म्हटलं, तेही शोधावं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने याला लिंचिंग म्हटलं. मिसिसिपीचे गव्हर्नर ह्यू व्हाइट यांनी ते नाकारलं. हे लिंचिंग नाही, सरळ खून आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे एका प्रेतावरून तीन नावांची झटापट चालली होती, आणि त्यातलं मथळ्यांत शिरलेलं एक नाव लांडग्याचं होतं. २९ मार्च २०२२ रोजी अध्यक्ष जो बायडन यांनी लिंचिंगला संघराज्याच्या पातळीवर द्वेषमूलक गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली. कायद्याचं नाव ‘एमेट टिल अँटीलिंचिंग ॲक्ट’.